फक्कीची खोली

आखणी

घर बांधायला काढलं की लोक विचारतात, किती खोल्या? सुवर्णा आधी चौरस फूट सांगायची, मग दर, मग एकूण, आणि समोरच्याचा चेहरा पडला की म्हणायची, "चार. संडास-बाथरूम वेगळं." चांदवडच्या कांदा बाजारातल्या मापाड्याची ती लेक. वजन केल्याशिवाय बोलायची तिच्या माहेरी पद्धतच नव्हती.

मखमलाबादच्या शिवारात तिच्या सासूच्या, सरुबाईच्या नावावर वीस गुंठे होते. झेंडू, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. सरुबाई पहाटे फुलं तोडायची आणि टोपल्या घेऊन नाशकात फुलबाजारात बसायची. मुलगा नाथा अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होता. तिघं विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची, आणि तो पत्रा वैशाखात कसा तापतो हे सुवर्णाच्या कपाळाला विचारावं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. डोक्यावर स्लॅब.

१९९९च्या संक्रांतीनंतर दोन गुंठे विकले, तेव्हा कुठं तो स्लॅब हिशेबात बसला. विकायचे म्हणजे सरुबाईची सही हवी. ती रजिस्ट्रार कचेरीच्या बाकावर बसून म्हणाली, "करते सही. मला एक खोली द्या पण. दार मळ्याकडं. सकाळी उठल्या उठल्या फुलं दिसली पायजेल."

"दिली," नाथा म्हणाला.

सुवर्णानेही मान हलवली. दहा बाय दहा, ईशान्येचा कोपरा. नकाशात ती खोली आली.

आखणीच्या दिवशी गेणू मिस्त्रीने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि दोरीवरून फक्की सोडली. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. घटकाभरात काळ्या रानात पांढरं घर पडलं. भिंतींच्या रेघा, दारांना मोकळी जागा. त्या घरात एक रीत होती, सरुबाईच्या सासऱ्यापासूनची. एकदा फक्की पडली की रेघ ओलांडायची नाही. दार असेल तिथूनच आत जायचं, तिथूनच बाहेर यायचं. नाथाने विसरून हॉलच्या भिंतीतून पाय टाकला, तर सरुबाईने त्याला मागं फिरवला.

"भिताडातून काय जातो भुतावानी?"

गेणू हसून म्हणाला, "मावशी, अजून वीट नाय आली आन तुम्ही राहायलाबी लागल्या."

पायाची पूजा ईशान्येला करायची, म्हणजे ती सरुबाईच्या खोलीतच आली. जमिनीची मालकीण म्हणून पहिली कुदळ तिनेच मारली. खड्ड्यात नारळ गेला, सुपारी गेली, चांदीचा इवलासा नाग गेला. पहिला दगड तिच्याच हाताने बसला. मग ती मळ्याकडच्या मोकळ्या जागेतून, म्हणजे दारातून, बाहेर आली आणि हात मागं नेऊन तिने काहीतरी ओढून घेतलं. सुवर्णाला वाटलं, पदर सावरला.

खोदकाम, काळ्या मातीत

मुरूम लागेना.

"तीन फुटाला लागायला पायजे होता," गेणू खड्ड्यातून म्हणाला. "काळीच हाय अजून. लोणी हाय लोणी. यावर घर ठिवलं तर पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली. पाळणाच व्हईल."

"किती खाली जावं लागेल?"

"जमिनीला विचारा वहिनी. मी मिस्त्री हाय, ज्योतिषी नाय."

दुप्पट खाली जावं लागलं. दगड वाढला, वाळू वाढली, सिमेंट वाढलं, मजुरी वाढली. सुवर्णाने पत्र्याखाली बसून पाटीवर मांडलं.

सातशे चौरस फूट, दोन लाख चाळीस हजार.
दोन गुंठ्यांचे एक लाख तीस. नाथाच्या फंडातून पंचेचाळीस. पतपेढीचं कर्ज साठ.
कमी पाच. ते दसऱ्याच्या झेंडूवर धरलेले.
पाया वाढला, अठ्ठावीस.
म्हणजे कमी तेहेतीस.

लग्न आणि घर करून पाहावं म्हणणाऱ्यांनी दर काही लिहून ठेवलेले नाहीत. तिने खिडक्यांचे गज बारीक केले. फरशी शहाबादी केली. आकडा तसाच बसून राहिला. मग तिने नकाशा उघडला आणि एकेका खोलीवर तळहात ठेवून पाहिला. हॉल. स्वयंपाकघर. निजायची खोली. तिथं हात थोडा वेळ राहिला. मग ईशान्य.

दहा बाय दहा, शंभर चौरस फूट, चौतीस हजार.

वर हजार रुपये उरत होते. त्याचं तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

त्या खोलीच्या पायाचं खोदकाम अजून सुरू व्हायचं होतं, तेही बरंच झालं. नाथा कामावरून आला तेव्हा तिने पाटी दाखवली. तो आकडे बघत राहिला, हात-पाय धुवायला गेला, परत येऊन पुन्हा बघितले.

"आईला कोण सांगणार?"

"पुढच्या वर्षी वाढवू म्हणावं. तोवर हॉलमध्ये खाट. टीव्हीबी तिथंच."

"तू सांग."

"आई तुमची."

शेवटी तीच गेली. सरुबाई फुलांच्या ढिगापाशी बसून हार ओवत होती. सुवर्णाने मुरमापासून सुरुवात करून सगळं नीट सांगितलं, आकड्यांसकट. सरुबाई दोरा दातांनी तोडून ऐकत राहिली. शेवटी पाटीवरची ओळ दाखवली.

बाब चार. ईशान्येची खोली, १० × १०. रद्द.

"खोली तर हाय की," सरुबाई म्हणाली.

जोतं

सासूचा टोमणा सुनेला कळतो, तसा सुवर्णाने तो टोमणाच समजला.

भिंती उठू लागल्या. घराचा ईशान्येचा कोपरा आत दबलेला, जणू पावाचा तुकडा मोडून घ्यावा तसा. त्या मोडलेल्या जागी जमिनीवर फक्की होती तशीच होती. दोन बाजूंना आता खऱ्या भिंती, हॉलची आणि स्वयंपाकघराची. उरलेल्या दोन बाजूंना पांढरी रेघ. मळ्याकडच्या रेघेत दाराएवढी मोकळी जागा.

ट्रक वाळू टाकून गेला. जागा मिळेल तिथं वाळू, खडी, विटा. त्या चौकोनात काही नाही. विटा वाहणाऱ्या बाया डोक्यावर ओझं घेऊन मोठा वळसा घालायच्या. सुवर्णाला त्यात मजुरी वाया जाताना दिसायची.

"अगं, मधून जा की. सरळ वाट आहे."

"कुठून?" एकीने विचारलं. आणि चौकोनाकडे अशी बघू लागली की सुवर्णाच विटा मोजायला वळली.

चैत्रात सरुबाईने तिथं जाऊन बसायला सुरुवात केली. बाजारातून आली की रिकाम्या टोपल्या घेऊन रेघेच्या कडेने मळ्यापर्यंत चालायची, दाराच्या जागेतून आत वळायची आणि बसून दुसऱ्या दिवसाची दोरी वळायची. भर दुपारी, डोक्यावर पदर नाही. सुवर्णा स्वयंपाकघराच्या कच्च्या खिडकीतून हाक मारायची, "आत्या, जेवायला चला." अंतर हाकेचंसुद्धा नव्हतं. सरुबाई मान वर करायची नाही. सुवर्णा आणखी मोठ्याने ओरडायची. नाही. मग चरफडत घराला वळसा घालून मळ्याकडून जायची, दाराच्या जागेपाशी उभी राहायची.

"आत्या."

"आँ? येते येते. ओरडती कशाला? बहिरी हाय का मी?"

तिला उठवायला सुवर्णाने एकदा हात दिला. एप्रिलची दुपार, विटा हातात धरवत नव्हत्या. सरुबाईचा दंड गार होता. माठ गार असतो तसा नव्हे. कौलाखाली, सारवलेल्या जमिनीवर दिवसभर बसलेल्या माणसाचा असतो, तसा.

स्लॅब

स्लॅब पडला त्या दिवशी सुवर्णाने पेढे वाटले. सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्यावर ती हॉलमध्ये एकटी उभी राहिली आणि वर बघितलं. करडा, ओलसर, फळ्यांचे ठसे उठलेला. तिला रडू आलं. इतकी वर्षं डोक्यावर वाजणारा पत्रा संपला होता.

बाहेर आली तेव्हा सकाळचं ऊन होतं. बांधावरच्या शेवग्याची लांब सावली झेंडूवरून, वाफ्यांवरून घराकडे आली होती. फांद्या, शेंगा, सगळं जमिनीवर उमटलेलं. सावली मळ्याकडच्या पांढऱ्या रेघेपाशी यायची आणि तिथं संपायची. रेघेच्या आत नुसती सपाट, सगळीकडे सारखी, मंद छाया. त्यात ना फांदी, ना शेंग.

सुवर्णा बराच वेळ बघत राहिली. झाडाची सावली भिंतीवर चढते तेव्हा जमिनीवरून अशीच नाहीशी होते, हे तिला माहीत होतं. ती आत गेली आणि गेणूला विचारू लागली की, उरलेल्या सळईचं वजन कुणी केलं.

आषाढात तीन दिवस झोडपून पाऊस झाला. बांध फुटला, कोथिंबीर वाहून गेली. फक्कीची रेघ होती तशीच. सरुबाई ती पुन्हा मारत असणार, असं सुवर्णाने धरलं. फक्कीचं पोतं मात्र कधीच संपलं होतं, आणि रिकामं पोतं तिनेच तर धुऊन पायपुसणं केलं होतं.

किरकोळ व इतर

वास्तुशांत श्रावणात. गुरुजी पंचवटीतून स्कूटरवर आले. घर फिरून बघितलं आणि दबलेल्या कोपऱ्यापाशी थबकले.

"ईशान्य कापली की हो."

"बजेट," नाथा म्हणाला.

"पायाची पूजा कुठं केलीत?"

नाथाने बाहेर बोट दाखवलं. चौकोनात सरुबाई बसली होती, नव्या लुगड्यात.

"तिथं?" गुरुजींनी उपरणं सारखं केलं. "अहो, पूजा जिथं, घर तिथं. म्हणजे घर ते. हे सगळं तुम्ही त्याला नंतर जोडलेलं."

"काही तोड असेल ना गुरुजी?" सुवर्णाने विचारलं.

"शांत करू. करतो मी." त्यांनी केली. दक्षिणा मात्र त्यांनी नुसती हातात घेतली, मोजली नाही, आणि जाताना चौकोनाकडच्या बाजूने गेले नाहीत.

जेवायला शेजारपाजार आला. सरुबाई घरात आली नाही. "माझं हितंच वाढा," म्हणाली. शेजारच्या मळ्यातली लंकाबाई तिचं ताट घेऊन गेली, बराच वेळ तिच्याशी बोलत बसली आणि हात पुसत स्वयंपाकघरात आली.

"पोरी, लोकं सासूला वळचणीला टाकत्यात. तू चांगली खोली काढली. लय गार हाय. कोनाडाबी मोठा ठिवला."

सुवर्णाच्या हातातला झारा कढईतच राहिला.

"मावशी, कोणता कोनाडा?"

"दिव्याचा, अजून कोणता?" लंकाबाई म्हणाली आणि दुसऱ्या पंगतीला मठ्ठा वाढायला गेली.

त्या दिवसापासून सरुबाईची ट्रंक तिकडं गेली. मग खाट. नाथा कामावरून आला की खाट उचलून हॉलमध्ये आणायचा. दुसऱ्या दिवशी ती परत चौकोनात.

"आई, लोक शेण घालतील तोंडात. म्हातारीला उघड्यावर टाकली म्हणतील."

"कोण म्हणतं उघड्यावर?"

"हे काय हाय मग?"

"तुला दिसत नाय का?" सरुबाईने लेकाकडे काळजीने बघितलं. "डोळं दाखव एकदा सिव्हिलला."

थंडी पडली. नाशिकची थंडी, कानाला झोंबणारी. सुवर्णा उजाडल्यावर दार उघडायची तेव्हा झेंडूच्या पानापानावर दव, पायरीवर दव, दोरीवरच्या धुण्यावर दव. सरुबाईची गोधडी कोरडी. तिने रोज हात लावून बघितलं. रोज कोरडी.

आणि आता हिशेबातलं एक कलम तिला झोप लागू देत नव्हतं. चौतीस हजार वाचले ते कुणाचे? दोन गुंठे विकले होते ते या खोलीवर. खोली काढली आणि गुंठ्यांचे पैसे ठेवले. मापाड्याची लेक, तिला तो काटा कुणीकडे झुकतो ते दिसत होतं. बाप म्हणायचा, मापात मारलेला कांदा घरात सडतो. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून बांगड्या वाजायच्या, खाट करकरायची, कुणीतरी भुईवर पाणी शिंपडून सारवायचं. सरुबाई बाजाराला गेलेली असली तरी.

दिवाळीचा बोनस आला, शेवंतीचे पैसे आले. नाथाला मोटरसायकल घ्यायची होती.

"खोली बांधायची," सुवर्णा म्हणाली.

"सगळी पुंजी जाईल."

"जाऊ दे. जिची तिला जाईल."

खोदकाम, पुन्हा

गेणू आला. कुदळवाले दोघं आले. सरुबाई बाजारात गेलेली, तिला संध्याकाळी आनंदाचा धक्का द्यायचा असं नाथाने ठरवलं होतं. ट्रंक आणि खाट दाराच्या जागेतूनच काढली, तेवढी रीत पाळली. मग मळ्याकडच्या रेघेवर कुदळ पडली आणि ठणकन वाजली.

गेणूने दुसरीकडे मारून पाहिली. ठण्ण. माती बाजूला केली. काळ्या मातीखाली दगड होता, घडीव, सांध्यात चुना भरलेला. रेघेखालून सरळ गेलेला. एक माणूस कोपऱ्यावर खड्डा घेत खाली उतरला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. दगड खाली जातच होता. तळाला मुरूम लागला.

गेणू खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. घाम आलेला, पण चेहऱ्यावर राग.

"वहिनी, दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर तसं सांगायचं. मी काय भांडलो असतो?"

"कसलं काम?"

"पाया भरलाय की. पक्का. माझ्यापेक्षा चांगला." त्याने दगडावरून हात फिरवला. "काय भावानं भरला? चुन्यात कोण काम करतं आता? माणूस तरी सांगा."

"गेणूभाऊ, कुणी केलं नाही."

"मग हे काय जमिनीतून उगावलं?"

कुदळवाल्यांपैकी एकजण खड्ड्यातून वर आला आणि न विचारता टोपी, डबा गोळा करू लागला.

तेवढ्यात सरुबाई आली. रिकाम्या टोपल्या कमरेवर. तिने खणलेली कड बघितली, बाहेर काढलेली खाट बघितली.

"माझं घर उकरता व्हय रे?"

"आई, तुझी खोली बांधतोय," नाथा म्हणाला. "खरी. विटांची."

"एका जाग्याला दोन खोल्या कशा मावतील?" ती सुवर्णाकडे वळली. रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. "तू तर हिशेबाची. तूच सांग, मावतील का?"

सरुबाईने एका बाजूने खाट धरली, दुसऱ्या बाजूने धरायला कुणाला बोलावलं नाही, आणि ओढत ओढत आत नेली. मग ट्रंक. मग मागं वळून दोन्ही हातांनी काहीतरी लोटलं आणि वर, डोक्याच्या उंचीला, हात नेऊन खाली ओढलं.

त्यानंतर मळ्याकडूनही तिला हाक ऐकू जाईना.

(इथं दार होतं)

ती दिसत होती. हेच माणसाला वेडं करणारं. उन्हात, उघड्यावर, आठ-दहा पावलांवर, खाटेवर बसलेली, दोरी वळणारी. नाथा दाराच्या जागेपाशी उभा राहून ओरडला. लंकाबाई येऊन ओरडली. मग लंकाबाईच म्हणाली, "कडी लावलीया तिनं. राग निवला की काढंल," आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशीही ती बाजाराला गेली नाही. झेंडू तोडायचा राहिला. जेवणाचं ताट रेघेपाशी ठेवलं ते तसंच राहिलं, माश्या बसल्या.

नाथाने रीत मोडली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो रेघेवरून आत जायला धावला. सुवर्णाने पाहिलं. त्याचा पाय उचलला गेला आणि परत इकडेच टेकला. पुन्हा उचलला, पुन्हा इकडेच. तो मागं आला तेव्हा त्याच्या उजव्या खांद्याला, शर्टाला, पांढरा डाग लागला होता. ताज्या चुन्याच्या भिंतीला घासून गेल्यावर लागतो तसा.

"मरंल ती आत," तो म्हणाला. आणि खड्ड्याच्या मातीवर बसून लहान पोरासारखा रडला. "माझी आई हाय ती. खोली दिली म्हणलो होतो मी."

सुवर्णा स्वयंपाकघरात गेली. चौकोनाच्या बाजूची भिंत. मसाल्याच्या डब्यांची फळी, दिनदर्शिका, चिमणीच्या काजळीचा डाग. तिने भिंतीला कान लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं, जवळच. तिने एका दाराची रुंदी भिंतीवर वितीने मोजली. चौकट, तिच्यावरचं लिंटेल, फोडायची मजुरी, आणि फोडल्यावर अख्खं घर लेचंपेचं होण्याची भीती. पाटी हातात घेतली होती. ती तिने खाली ठेवली.

गेणू यायला तयार नव्हता. ती स्वतः जाऊन घेऊन आली.

"फोडायचं कुठं?"

"इथं."

"वहिनी, पलीकडं काय नाय. मळा दिसंल, झालं."

"दिसू दे."

"आन घर हललं तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

त्याने घण मारला. डबे आधीच उतरवले होते. प्लास्टर उडालं, वीट दिसली, वीट हलली. पहिली वीट पलीकडे पडली. तिचा आवाज आला. मातीवर पडल्याचा नव्हे. सारवलेल्या भुईवर पडल्याचा, आणि तो आवाज चार भिंतींत घुमला.

भोकातून ऊन आलं नाही.

गेणूने घण खाली ठेवला. भोकाकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर, जिथं दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. परत भोकाकडे.

"अगं ए," बाहेरून नाथाची हाक आली. तो चौकोनाच्या पलीकडे, मातीच्या ढिगावर उभा होता. "काय आवाज येतोय? फोडायला लागा की. भिंत तर हाय तशीच हाय."

गेणूने सुवर्णाच्या हातात छिन्नी दिली, घण भिंतीला टेकवून ठेवला आणि मजुरी न मागता निघून गेला. उरलेल्या विटा तिने स्वतः काढल्या. नखं फुटली. माणूस वाकून जाईल एवढं भोक झालं तेव्हा आतून सरुबाई म्हणाली,

"चपला बाहेर काढ. सारवलंय."

सुवर्णाने चपला काढल्या.

आत शेणाचा आणि झेंडूचा वास होता. गारवा होता. खाट, ट्रंक, पाण्याचा तांब्या. सरुबाई खाटेवर, ओठ सुकलेले, पण डोळे जागे.

"आत्या, चुकलं माझं."

"कशाचं?"

"खोलीचं. दोन गुंठ्यांचं."

सरुबाईने खाटेवरची दोरी बाजूला सारली. जागा केली. सुवर्णा बसली, आणि तांब्या तिच्या ओठाला लावला. म्हातारी घोट घोट प्यायली.

"घरातून वाट ठिवली ते बरं केलं," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मळ्याकडंच दार मागितलं मी. मलाबी वाटलं, तुमचं तुम्हाला राहू द्यावं."

मळ्याच्या बाजूला लाकडी दार होतं, जुन्या पद्धतीचं, फळ्यांचं. फळ्यांच्या फटीतून उजेडाच्या बारीक काड्या भुईवर पडल्या होत्या. सुवर्णा फटीला डोळा लावून बघू लागली. बाहेर लख्ख दुपार. तोडायचा राहिलेला झेंडू. मातीच्या ढिगावर नाथा, हात हलवत, तोंड उघडत-मिटत. आवाज नाही. तो थेट तिच्याकडे बघत होता आणि ओरडत होता, आणि काडीचाही आवाज नाही. आपण कुठं बसलो आहोत हे तिला तेव्हा कळलं.

"त्याला आत घे," सरुबाई म्हणाली. "उन्हात उभं राहायची सवय नाय त्याला. कारखान्यात पंखं हायेत."

"निघेल का कडी?"

"लावती आली तर काढताबी येती."

कडी वर होती, डोक्याच्या उंचीला. सुवर्णाने चाचपली. लोखंड गार होतं. ती जोर लावून खाली ओढू लागली, मग सरुबाईने मागून सांगितलं, वर, वर ढकल, आणि ती निघाली. दार उघडलं तसा नाथाचा आवाज अर्ध्या शब्दातून एकदम आत घुसला, "...र्णा," आणि थांबला.

तो उंबऱ्यापर्यंत आला. आत पाऊल टाकलं नाही. आईकडे बघितलं, ती पाणी पीत होती, जिवंत होती. त्याचे खांदे सैल झाले. मग त्याची नजर दोघींच्या डोक्यांवरून वर गेली आणि तिथंच राहिली. तोंड उघडं.

"सुवर्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "वर हे काय टाकलंय?"

सुवर्णाने आत आल्यापासून एकदाही वर बघितलं नव्हतं. आता बघितलं, तर वर जुन्या घरासारखी कौलं होती, एकही फट नसलेली.